डावा खांदा, उजवा खांदा

टेप मी पर्समध्ये अगदी वर ठेवली होती, रुमालाखाली. कुमुदवन्संना ती दिसू नये, एवढीच काळजी होती.

पोखऱ्यातल्या त्या संस्थेच्या ऑफिसात आम्ही दोघी नणंद-भावजय प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. आमची फलटणची यात्रा कंपनी गोरखपूरहून बसने नेपाळात शिरली होती. पशुपतीनाथ झाला, मुक्तिनाथ झाला, शनिवारी सकाळी सहाला बस परतीला लागणार होती आणि मधला हा शुक्रवार मोकळा मिळाला होता. बाकीच्या बायका तळ्यात नावेतून फिरायला गेल्या. "आम्ही आमची मुलगी बघायला चाललोय," असं वन्संनी अख्ख्या बसला सांगितलं होतं, घरात लग्नाचा मुलगा असल्यासारखं.

"वहिनी, दोन्ही खांद्यांवरून पदर कशाला घेतलास? उकडत नाही का तुला?" वन्सं म्हणाल्या.

"सवय आहे."

"ती आली की जवळ घे हं तिला. उगाच उलटतपासणी करत बसू नकोस. सहा वर्षांनी पोर पहिल्यांदा भेटतेय."

जवळ मी तिला घेणारच होते. जवळ घेतल्याशिवाय माप घेता येत नाही.

मी सिंधू हेंद्रे. फलटणला माझा शिवणक्लास आहे, तेव्हा त्याला तीस वर्षं होत आली होती. बायका वय खोटं सांगतात, सुनेचं वागणं खोटं सांगतात, कापड कितीला आणलं तेही खोटं सांगतात. टेप लावली की कंबर मात्र आहे तेवढीच भरते. या कामात जन्म काढलेल्या बाईने संशयी असू नये, असं म्हणणाऱ्याने एकदा दिवाळीच्या आधी माझ्या दुकानात बसून बघावं. वन्सं माझ्या अगदी उलट. प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झाल्या, लग्न केलं नाही, आणि समोरचा जे सांगेल ते खरं मानून घरी यायचं हा त्यांचा कायमचा नेम.

पबित्रा भुजेल हे नावही घरात त्यांनीच आणलं. त्यांच्या जुन्या शाळेत या संस्थेचं कुणी व्याख्यान द्यायला आलं होतं, त्याच्याकडून तीन कागद घेऊन आल्या. लांबच्या जिल्ह्यांतली दोन मुलं त्यांनी स्वतः घेतली, तिसरी माझ्या गळ्यात घातली. सात वर्षांची मुलगी, वडील नाहीत, आई नदीवर वाळू आणि दगड वाहते. तिची शाळा आणि वसतिगृह आपण बघायचं. मी हो म्हटलं, पण एका अटीवर. दर दसऱ्याला मी शिवलेला एक कपडा तिला जाईल आणि त्यासाठी दर वर्षी तिचं माप आलं पाहिजे. मी हिंदीत चिठ्ठी आखून पाठवली: उंची, छाती, कंबर, खांदा, बाही, गळा. त्यांच्याकडे दसऱ्याला दशैं म्हणतात आणि नवा कपडा अंगावर घालतात, हे मला तेव्हाच कळलं.

पहिली तीन वर्षं सगळं सरळ चाललं. दोन फ्रॉक झाले, एक खणाचं परकर-पोलकं झालं. पोर वर्षाला इंच-दीड इंच वाढत होती, वाढावी तशी. मी पार्सल मांजरपाटाच्या जाड कापडात शिवून, वर निळ्या शाईने पत्ता घालून पाठवायची. चौथ्या वर्षी चिठ्ठी आली: फ्रॉक नको, कुर्ता हवा. छाती पस्तीस.

आदल्या वर्षी सव्वीस होती.

मला आधी वाटलं, लिहिण्यात चूक झाली. तसं विचारलं. उलट पत्र आलं, तिच्याच अक्षरात, "माप बरोबर आहे. मी मोठी झाले." एका वर्षात नऊ इंच मोठी झाली. शिवाय 'खांदा' या माझ्या एका ओळीच्या तिथे तिने दोन ओळी केल्या होत्या. डावा खांदा साडेपाच, उजवा खांदा साडेचार. मी मनात म्हटलं, माप घेणारीला टेप धरता येत नाही. दोन्हींचा मध्य काढला आणि दोन्ही खांदे पाच-पाचचे शिवले. पुढल्या दोन वर्षी पुन्हा तेच: छाती पस्तीस, कंबर बत्तीस, खांदे दोन. मी पुन्हा पाच-पाच.

मग मी कुर्ता घातलेला फोटो मागवला. आला. वन्सं फोटो बघून "किती गोड दिसतेय" म्हणाल्या. मला त्या फोटोत फक्त बाजूची शिवण दिसली. ती काखेतून सरळ खाली उतरायला हवी, ती पार मागे गेली होती. म्हणजे कुर्ता पाठीमागे गोळा करून पिना लावल्या होत्या. आता माझी खात्री झाली, की संस्थेतल्या कुठल्यातरी धष्टपुष्ट बाईचे कपडे मी फलटणला बसून फुकट शिवत होते. पोर नुसती नावाला होती.

म्हणून टेप.

पौडेल सर आले. ते या ऑफिसचे प्रमुख. डोक्यावर टोपी, बोलणं मऊ. इतकं मऊ की माझ्या मनात आणखी एक पाल चुकचुकली. त्यांच्यामागून एक बाई चहा घेऊन आली. मी तिच्या छातीकडे, कंबरेकडे नुसत्या डोळ्यांनी टेप लावली. चौतीस, फार तर पस्तीस. मी अशी टक लावून बघत राहिले की तिने कप ठेवला आणि ओढणी सावरून घाईने आत गेली. हीच असणार, असं मला वाटलं.

आमचं सगळं बोलणं हिंदीत झालं. माझी हिंदी फलटणची आणि त्यांची पोखऱ्याची, तेव्हा मी इथे ते मराठीतच सांगते.

"पबित्रा सकाळपासून वाट बघतेय," सर म्हणाले आणि त्यांनी दाराकडे हाक मारली.

ती आत आली. तेरा वर्षांची, पण दहाची वाटावी एवढीशी. शाळेचा निळा गणवेश, लाल रिबिनींच्या दोन वेण्या. हातात झेंडूच्या दोन माळा, स्वतः ओवलेल्या, कारण बोटांना पिवळं लागलेलं होतं. एक वन्संच्या गळ्यात घातली, एक माझ्या. वन्संचे डोळे भरून आले. माझी नजर तिच्या फ्रॉकच्या मुंढ्यावर, बाही जोडतात तिथे होती. छाती अठ्ठावीस. माझ्या डोळ्याचं माप पाव इंच इकडेतिकडे होईल, सात इंच होणार नाही.

"मी पाठवलेले कुर्ते कुठायत?" मी विचारलं.

वन्संनी मला कोपराने ढोसलं. पोरीने पौडेल सरांकडे बघितलं.

"घरी आहेत, आंटी."

"तू राहतेस वसतिगृहात आणि कपडे घरी?"

"इथे हरवतात."

"आज घालायचास की त्यातला एक. मी येणार हे आठ दिवसांपासून माहीत होतं ना?"

"धुतलेत."

"तिन्ही?"

ती गप्प झाली. खोटं बोलायची सवय नसलेली माणसं तिसऱ्या प्रश्नाला गप्प होतात. पण तेव्हा मला वाटलं, हिला पढवलेलं संपलं.

मी पर्स उघडून टेप काढली. वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या. "वहिनी, हे काय?"

"ये इकडे," मी पोरीला म्हटलं.

पौडेल सर अर्धवट उठले. "मॅडम, हे असं सगळ्यांसमोर..."

"माझा कपडा आहे, माप मी घेणार."

ती आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि मी सांगायच्या आधी तिने दोन्ही हात अंगापासून सुटे करून बाजूला धरले, श्वास न रोखता, मान सरळ ठेवून. हे बघून मी चरकले. वीस-वीस वर्षं माझ्याकडे येणाऱ्या बायकांना अजून सांगावं लागतं की हात सोडा, पोट आत ओढू नका. माप कसं देतात, हे या पोरीला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे कुणीतरी तयार करून घेतलेली, असं मी मनात नोंदवलं.

मी वाकून तिच्याभोवती टेप फिरवली तेव्हा माझा पदर घसरला. तो सावरेपर्यंत पोर माझ्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं, घाबरून बघतेय.

"छाती अठ्ठावीस," मी मोठ्याने म्हटलं. "कंबर चोवीस. खांदा चार, हाही आणि तोही." मग पर्समधून तिच्या तीन वर्षांच्या चिठ्ठ्या काढून सरांच्या टेबलावर मांडल्या. "आता हे वाचा. पस्तीस. बत्तीस. हे कुणाचं माप आहे?"

सरांनी चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या. त्यांचा चेहरा पडला. मला ते नाटक वाटलं.

"पबित्रा, ही मापं कुणी लिहिली?"

"मी."

"कुणाची?"

पोरीने ओठ घट्ट मिटले. सर पुन्हा विचारत राहिले, आधी हिंदीत, मग त्यांच्या भाषेत. शेवटी सर माझ्याकडे वळले. "मॅडम, आमचा नियम आहे. भेटवस्तू फक्त मुलासाठी. मुलाने त्याबद्दल खोटी माहिती दिली तर..."

"मुलाने की तुमच्या माणसांनी?"

वन्सं रडकुंडीला आल्या होत्या. "वहिनी, बस झालं गं."

टेबलावर अभिप्रायाची वही होती. पाहुणे येतात, चार चांगल्या ओळी लिहून जातात, ती. मी ती ओढून घेतली आणि हिंदीत लिहिलं, की या मुलीची पाठवलेली माहिती खोटी आहे, माझी फसवणूक झाली आहे, आजपासून माझी मदत बंद. खाली सही, तारीख, फलटणचा पत्ता.

पौडेल सरांनी वाचलं. "एकदा विचार करा. या वहीत तक्रार आली की ते पान मला आजच्या टपालात काठमांडूला पाठवावं लागतं. मग मुलीचं नाव कमी होतं. वसतिगृह जातं, शाळा जाते. तिच्यामागे पुष्कळ मुली रांगेत आहेत."

"होऊ दे कमी."

पोरीने मान वर केली. तिला सगळं समजलं होतं. मला वाटलं, आता रडेल, पाया पडेल. तिने दोन्हींतलं काही केलं नाही.

"कपडे बघायचेत ना तुम्हाला?" ती म्हणाली. "चला."

ती पुढे, मी मागे, वन्सं त्याच्याही मागे. सर आले नाहीत, त्यांना टपाल आवरायचं होतं. बाजार संपला, पक्का रस्ता संपला, मग सेती नदीच्या काठाकडे उतरणारी पायवाट लागली. अर्धा तास पोर न वळता पुढे चालत राहिली. मी मात्र चालता चालता ठरवत होते, की घरी आता कोण निघतंय. चहा आणणाऱ्या बाईची बहीण, नाहीतर आणखी कुणी. पत्ता काढायचाच.

पत्र्याचं छप्पर, दगड रचून केलेल्या भिंती, दारात झेंडूची दोन-चार झाडं, फुलं खुडलेली. पोरीने हाक मारली, "आमा." आतून एक बाई आली. पस्तिशीची असेल, पण अंगावर त्या उन्हातही शाल लपेटलेली. आम्हाला बघून ती दाराच्या आतच थबकली. पोर तिच्याशी चार वाक्यं बोलली. बाईने मान हलवली, नाही म्हणाली, पुन्हा नाही म्हणाली. मग पोरीने स्वतःच तिच्या अंगावरची शाल काढली.

आत माझा कुर्ता होता. गेल्या दसऱ्याचा, मोरपंखी, गळ्याला मी हाताने टीप घातलेला.

बाईचा डावा खांदा चांगला होता. उजवा खाली गेलेला होता, आत खचलेला, मानेपासून घसरत दंडाकडे उतरणारा. नदीवर वाळूची टोपली वाहताना दरडीवरून पडली आणि हाड मोडलं, ते तसंच जुळलं, असं पोरीने सांगितलं. तेव्हा पोर आठ वर्षांची होती.

मी जवळ गेले. मला दुसरं काही सुचलं नाही. माणसाकडे बघायचं सुचलं नाही की मी शिवणीकडे बघते. डाव्या खांद्यावर माझी मशीनची शिवण तशीच होती. उजव्या खांद्यावर माझी शिवण उसवलेली होती आणि तिच्याखाली, अर्धा इंच आत, दुसरी घातलेली होती. हाताची. बारीक, एकसारखी, प्रत्येक टाका मागे येऊन पुढे गेलेला. मुंढाही खाली उतरवून घेतला होता. कुर्ता त्या मोडक्या खांद्यावर असा बसला होता की घसरत नव्हता, ताणत नव्हता.

"हे कुणी केलं?"

"मी," पबित्रा म्हणाली.

"शिकवलं कुणी?"

"तुमचाच कुर्ता उसवला. उसवताना कळलं आधी काय शिवायचं, नंतर काय."

"आणि आईचं माप?"

"दोरीने घेते. मग दोरी फूटपट्टीवर ठेवते."

वन्सं पायरीवर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मी उभीच होते. मला राग यायला हवा होता आणि तो कुठे सापडत नव्हता.

बाई काहीतरी हळू आवाजात बोलली. पोरीने सांगितलं, आई म्हणतेय तुमचे उपकार आहेत. मग थांबून तिने आपलं आपण सांगितलं. दशैंला लेकीने माहेरी जायचं असतं, वडिलांकडून कपाळावर टिळा लावून घ्यायचा असतो. खांदा मोडल्यापासून आई गेली नव्हती. बाजारातला कुठलाच कपडा अंगावर राहत नसे, खांद्यावरून ओघळायचा, आणि तशी ती चार माणसांत जायला तयार नव्हती. शाळेतही कधी आली नव्हती. चौथ्या वर्षी पोरीने आपल्या चिठ्ठीत आईचं माप लिहिलं. त्या दशैंला आई माहेरी गेली. पुढच्या दोन्ही दशैंना गेली.

"मला सांगायचंस," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर शिवला असता?"

मी तिला खोटं बोलू शकले असते. नाही बोलले. "नसता," म्हटलं.

"मी दोन्ही खांदे लिहिले होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, एका कामाच्या माणसाने दुसऱ्याला विचारावं तसं विचारत होती. "तिन्ही वेळा लिहिले. तुम्ही तिन्ही वेळा एकसारखे शिवलेत. का?"

तीस वर्षांत मला इतका साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आलेलं माप चुकीचं आहे, असं मी गृहीत धरलं होतं. असलं माप असणारं माणूस असेल, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. ते तिला कुठल्या हिंदीत सांगायचं मला कळेना, म्हणून म्हटलं, "माझी चूक झाली."

तिने मान डोलावली. चूक मान्य झाली, विषय संपला, असं. मग आईच्या अंगावर पुन्हा शाल घातली.

"मी ते पान परत घेते," मी म्हटलं. "आत्ता जाते. तुझं नाव जाणार नाही."

निघताना टेप मी तिथल्या पायरीवर ठेवली. वाटेत वन्संना सांगितलं, विसरले. विसरले नव्हते.

ती चढण मी कशी चढले, माझं मला माहीत. ऑफिसला कुलूप होतं. शेजारचा दुकानदार म्हणाला, शुक्रवारी तीनलाच बंद होतं आणि शनिवारी सुट्टी, आता रविवारी या. रविवारी आमची बस गोरखपूर सोडणार होती. पौडेल सरांचा फोन लागला नाही. मी दुकानातून कागद घेऊन लिहिलं, की वहीतला माझा अभिप्राय रद्द समजावा, चूक माझी आहे, मुलीचं माप बरोबर आहे. कागद दाराखालून आत सरकवला. वन्सं म्हणाल्या, "मिळेल गं रविवारी, माणूस चांगला आहे." त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, वन्संचं खरं व्हावं.

फलटणला आल्यावर मी तीन पत्रं लिहिली. दीड महिन्याने काठमांडूहून उत्तर आलं. आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे, नियमानुसार सदर मुलीचं नाव कमी करण्यात आलं आहे, आपल्या नंतरच्या विनंतीचा विचार करता येत नाही, कारण जागा भरली गेली आहे. सोबत दुसऱ्या मुलीचा फोटो होता. आणि मी आखून दिलेल्या चिठ्ठीवर तिचं माप. खांदा एकच.

त्या मुलीचं सगळं मी केलं, तिचा काय दोष. पण त्या दसऱ्याला एक पार्सल पबित्राच्या आईलाही पाठवलं. कुर्ता, डावा खांदा साडेपाच, उजवा साडेचार. पौडेल सरांच्या नावे पाठवलं आणि घरापर्यंत पोचवा म्हणून विनवलं. चार महिन्यांनी ते पार्सल जसंच्या तसं परत आलं. आई-मुलगी ती जागा सोडून गेल्या, असं सरांनी लिहिलं होतं, पोरगी बाजारात कुठल्यातरी शिलाईच्या दुकानात बसते म्हणे, नक्की माहीत नाही. तो कुर्ता अजून माझ्या कपाटात आहे. क्लासमधल्या मुली विचारतात, काकी, हा असा वाकडा का शिवलाय? मी म्हणते, वाकडा नाही.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. सगळं आत्ता सांगायचं कारण, गेल्या दसऱ्याला पोस्टमन एक पार्सल देऊन गेला.

मांजरपाटात शिवलेलं. पत्ता निळ्या शाईने, माझ्या वळणाने लिहिलेला, म्हणजे जुन्या पार्सलवरून जसाच्या तसा उतरवलेला. कडेचे टाकेही माझ्याच पद्धतीचे, दोन जवळ, एक लांब. तिकिटं नेपाळची. आत एक ब्लाउज. गडद जांभळा, सुती, आतून अस्तर. पत्र नव्हतं. पुन्हा पुन्हा झटकून पाहिलं, पत्र नव्हतंच.

तीस-चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे कपडे शिवले, माझ्यासाठी कुणी कधी शिवला नव्हता. माझे ब्लाउज मीच शिवते, आणि त्याला कारण आहे. मशीनवर वाकून वाकून माझा उजवा खांदा उतरलेला आहे. पाऊण इंच. कुणाला दिसू नये म्हणून मी त्या बाजूला आतून कापडाची घडी घालते आणि वरून दोन्ही खांद्यांवर पदर घेते. शिवणकाम शिकवणाऱ्या बाईचंच अंग वाकडं, हे गिऱ्हाइकाने कशाला बघायचं. माझ्या मालकांनाही हे कधी कळलं नव्हतं, आणि वन्संना तर नाहीच.

मी ब्लाउज घातला आणि आरशासमोर उभी राहिले. घडी घातली नव्हती तरी तो बसला. उजव्या खांद्यावर एक सुरकुती नव्हती.

माझा पहिला विचार काय आला असेल? संशय. जित्याजागत्या माणसाचा स्वभाव कुठे जातो.

"वन्सं," मी बाहेर येऊन म्हटलं, "माझी मापं तुम्ही कळवलीत ना तिला? खरं सांगा."

वन्सं आता ऐंशीच्या घरात आहेत. पेपर बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "मला माझी मापं माहीत नाहीत वहिनी, तुझी कुठून असणार? आणि ती आहे कुठे, हे तरी मला कुठे ठाऊक आहे?"

वन्संना खोटं बोलता येत नाही. ते त्यांच्या आवाक्यातलं काम नाही.

तेव्हा मला ते ऑफिस आठवलं. मी टेप घेऊन वाकलेली, पदर घसरलेला, आणि ती तेरा वर्षांची पोर हात बाजूला धरून एकटक माझ्याकडे बघत असलेली. मी तिचं माप चार माणसांत ओरडून सांगत होते आणि आईच्या तसल्याच खांद्याने तयार झालेल्या डोळ्यांनी ती माझं घेत होती. ते तिने तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

मांजरपाट घडी करताना आतल्या बाजूला टाचलेली एक चिठ्ठी निघाली. नुसती मापं. उंची, छाती, कंबर, बाही, गळा. डावा खांदा पाच. उजवा खांदा सव्वाचार.

मी टेप आणली. वन्संना म्हटलं, "एक टोक इथे मानेशी धरा आणि खांदा संपतो तिथे काय आकडा आहे ते वाचा."

"हा पदर?"

"राहू दे खाली."

त्यांनी टेप धरली, चष्मा वर सरकवला. माझ्या खांद्याकडे नीट बघितलं. "इकडे पाच," म्हणाल्या. मग दुसऱ्या बाजूला गेल्या. "इकडे सव्वाचार."

रात्रभर घालूनच झोपावं असं वाटत होतं, पण ब्लाउज उतरवला आणि सवयीने उलटा केला. कुठलाही कपडा मी आतून बघितल्याशिवाय ठेवत नाही. सगळा ब्लाउज मशीनवर शिवलेला होता, सफाईने, आता तिच्याकडे मशीन होतं. फक्त उजव्या खांद्याची शिवण तेवढी हाताची होती. बारीक, एकसारखी, प्रत्येक टाका मागे येऊन पुढे गेलेला. माझं वय वाढेल, खांदा अजून उतरेल, तेव्हा तेवढीच उसवून पुन्हा घालता यावी, म्हणून.